जुन्या बोटीचा दुसरा जन्म

प्रवासी बोटीचे आयुष्य साधारणपणे पंचवीस-तीस वर्षांचे मानतात. तेवढ्या अवधीत खारे पाणी पत्रा खात राहते, इंजिने थकतात, सुरक्षिततेचे नवे नियम येतात आणि दुरुस्तीचा खर्च तिकिटांच्या उत्पन्नाला भारी होऊ लागतो. मग कंपनी ती बोट एखाद्या बंदराच्या कडेला नांगरून ठेवते आणि भंगारवाल्याची वाट पाहते. जगातील बहुतेक बोटींचा शेवट असाच होतो. जिची हकीकत येथे सांगावयाची आहे ती इटालियन बोटही याच वाटेला लागलेली होती. पण वाटेत तिला काही ख्रिस्ती मिशनऱ्यांनी अडविले, भंगाराच्या किमतीत विकत घेतले आणि तिचे रुग्णालय केले. प्रवासी बोट म्हणून ती चोवीस-पंचवीस वर्षे चालली होती. रुग्णालय म्हणून ती आणखी पंचवीस वर्षे चालली. तिचा दुसरा जन्म पहिल्याइतकाच दीर्घ झाला.

या बोटीचे पहिले नाव ‘व्हिक्टोरिया’. मुंबईच्या बॅलार्ड पिअरला ते नाव परके नव्हते. ट्रिएस्ट या इटालियन बंदरातील लॉईड ट्रिएस्टिनो कंपनीच्या बोटी महायुद्धापूर्वीपासून मुंबईला ये-जा करीत. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतताना १९३१ च्या डिसेंबरात गांधीजी ब्रिंदिसी येथे ‘पिल्स्ना’ या बोटीवर चढले आणि २८ डिसेंबर रोजी मुंबईस उतरले. ती ‘पिल्स्ना’ याच कंपनीची होती. ‘व्हिक्टोरिया’ नावाची एक बोटही त्या काळी मुंबईच्या फेऱ्या करीत असे. ती १९४२ साली भूमध्य समुद्रात बुडविली गेली. युद्ध संपल्यावर कंपनीने आपला उद्योग पुन्हा उभारला आणि पूर्वेच्या मार्गासाठी ‘आसिया’ व ‘व्हिक्टोरिया’ या दोन जोडबोटी बांधून घेतल्या. त्या १९५३ साली सागरावर आल्या. नवी ‘व्हिक्टोरिया’ सुमारे १५९ मीटर लांब आणि ११,७०० टनांच्या आसपास होती. इटलीहून निघून सुवेझ ओलांडावी, कराची, मुंबई, कोलंबो, सिंगापूर अशी बंदरे घेत हाँगकाँग गाठावे आणि त्याच वाटेने परतावे, हा तिचा क्रम असे.

विलायतेला जाणे म्हणजे दोन-तीन आठवड्यांचा समुद्रप्रवास, असे समीकरण त्या दिवसांत पक्के होते. उच्च शिक्षणासाठी निघालेले विद्यार्थी, व्यापारी, डॉक्टर, युरोपातून येणारे प्रवासी आणि मिशनरी अशी मंडळी या बोटींवर एकत्र येत. परंतु १९६० साली एअर इंडियाची जेट विमाने उडू लागली आणि ते समीकरण मोडले. आठवड्यांचे अंतर तासांवर आले. त्यात १९६७ च्या युद्धाने सुवेझ कालवा बंद पडला. तो १९७५ पर्यंत उघडला नाही. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई गाठणे वेळेला आणि पैशाला परवडण्यासारखे नव्हते. पूर्वेचा मार्ग ओसरला आणि काही काळाने ‘व्हिक्टोरिया’ही त्यावरून गेली. १९७८ साली ती व्हेनिसच्या बंदरात गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी होती.

तिला जे गिऱ्हाईक मिळाले त्याच्या मनातील कल्पना मात्र नवी नव्हती. जुन्या बोटीत दवाखाना थाटावयाचा आणि तो रोग्यांकडे न्यावयाचा, हा विचार त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे उत्तर समुद्रात जन्मला होता. इंग्लंडचे मच्छीमार तेथे आठवडेच्या आठवडे ताफ्याने राहत. थंडी, वादळ, दोर आणि आकडे यांमुळे हातापायांना जखमा होत. जवळपास डॉक्टर नसे. मासळी नेणाऱ्या बोटीत घालून जखमी माणसाला किनाऱ्यावर पाठवीपर्यंत जखम चिघळे. तेथे नियमाने येत त्या फक्त दारू आणि तंबाखू विकणाऱ्या फिरत्या बोटी. हे सर्व एबेनेझर मेथर या गृहस्थाने १८८१ साली ताफ्यात जाऊन पाहिले. पुढच्याच वर्षी त्याच्या प्रयत्नाने ‘एनसाईन’ नावाची मासेमारीची एक जुनी शिडाची होडी दुरुस्त करून ताफ्यात पाठविण्यात आली. तीत प्रार्थनेची व्यवस्था होती, पुस्तके होती आणि औषधाची पेटी होती. पुढे मिशनने दारूवाल्यांपेक्षा स्वस्त दराने तंबाखू विकावयास आरंभ केला. कारण तंबाखूसाठी गेलेला मच्छीमार दारूही पिऊन येतो, हे चालकांनी ओळखले होते. नीतीचा उपदेश करणाऱ्यांनी तंबाखूचे दुकान घालावे ही गोष्ट विलक्षण वाटते. परंतु ज्यांना खरोखर उपयोगी पडावयाचे असते ते समोरच्या माणसाची गरज आधी पाहतात.

याच मिशनमध्ये विल्फ्रेड ग्रेनफेल हा तरुण डॉक्टर दाखल झाला. १८९२ साली ‘आल्बर्ट’ नावाच्या शिडाच्या बोटीतून तो अटलांटिक ओलांडून लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर पोचला आणि एका उन्हाळ्यात त्याने सुमारे ९०० रोगी तपासले. त्या ओसाड किनाऱ्यावर त्याने पुढे रुग्णालये उभारली. तरंगत्या दवाखान्याच्या इतिहासात हा मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ग्रेनफेलची बोट प्रथम गेली आणि तिच्या मागोमाग किनाऱ्यावर कायमची इमारत आली. बोटीने वाट दाखविली.

विसाव्या शतकात हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर अमेरिकेने अंगीकारली. विल्यम वॉल्श या डॉक्टरने १९५८ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडून नौदलाचे एक निवृत्त रुग्णालय-जहाज मागून घेतले, त्याचे नाव ‘होप’ म्हणजे ‘आशा’ असे ठेवले आणि १९६० च्या सप्टेंबरात ते सॅन फ्रान्सिस्कोहून इंडोनेशियाकडे नेले. ‘होप’ १९७४ पर्यंत चालली. ती मिशनऱ्यांची नव्हती. रोग्यांवर उपचार करीत असतानाच तेथील डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिकवावयाचे, हा तिचा बाणा होता. तिची कीर्ती ज्यांच्या कानी पडली त्यांत डॉन स्टीफन्स हा एक अमेरिकन तरुण होता. ‘यूथ विथ अ मिशन’ या १९६० साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती संघटनेचा तो कार्यकर्ता. १९६४ साली संघटनेचे तरुण बहामा बेटांवर असताना तेथे मोठे वादळ झाले आणि संकटात मदत घेऊन येणाऱ्या बोटीची कल्पना त्याच्या मनात रुजली. पुढे स्टीफन्स दांपत्याला झालेला एक मुलगा जन्मतः अपंग निघाला. त्या दुःखात असताना कलकत्त्याला मदर तेरेसा यांची भेट झाली आणि तिने आपला निश्चय दृढ केला, असे स्टीफन्स यांनी सांगितले आहे. एका दूरच्या संकल्पाचा धागा अशा रीतीने भारतातूनही गेला.

संघटनेचा पहिला प्रयत्न मात्र फसला. १९७३ साली न्यूझीलंडची ‘माओरी’ नावाची बोट घेण्याचे ठरले. पैसे वेळेवर उभे राहिले नाहीत आणि व्यवहार मोडला. ‘माओरी’ भंगारात गेली. श्रद्धेच्या भरात उत्साही लोक पुष्कळदा हिशेबाकडे दुर्लक्ष करतात, असा ठपका त्या वेळी कोणी ठेवला असता तर तो अगदीच अन्यायाचा म्हणता आला नसता. पाच वर्षांनी, १९७८ साली, ‘व्हिक्टोरिया’ सुमारे दहा लाख डॉलरांना, म्हणजे जवळजवळ भंगाराच्या भावाने, विकत घेण्यात आली. तिला ‘अनास्तासिस’ असे नाव देण्यात आले. या ग्रीक शब्दाचा अर्थ पुनरुत्थान. मेलेल्या योजनेचे आणि मोडीत निघालेल्या बोटीचे असे दुहेरी पुनरुत्थान त्या नावात अभिप्रेत होते.

परंतु नाव बदलल्याने बोट जिवंत होत नाही. पुढची तीन-चार वर्षे या हकीकतीचा सर्वांत शिकण्याजोगा भाग आहेत. ‘अनास्तासिस’ ग्रीसमध्ये अथेन्सजवळच्या एलेफ्सिना आखातात नांगरून पडली. मोडीत निघालेल्या कितीतरी बोटी तेव्हा त्या आखातात उभ्या असत. तीवर निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक राहावयास आले. त्यांत खलाशी थोडे होते. शिक्षक, सुतार, विद्यार्थी, गृहिणी असेच लोक पुष्कळ. जुन्या बोटीत पाण्याचे आणि तेलाचे नळ मैलोगणती असतात. विजेच्या तारांचे जाळे असते. इंजिनाचा एकेक भाग सोडवून, घासून, तपासून पुन्हा बसवावा लागतो. शिवाय सागरी सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय नियम असतात. आगीची सूचना देणारी घंटा, पाणी अडविणारे दरवाजे, जीवरक्षक होड्या, सुटकेचे जिने हे सारे तपासनिसाला पटल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, आणि प्रमाणपत्रावाचून बोट बंदर सोडू शकत नाही. ही कामे चालू असताना पैशाचा ओघ आटे, दिवस लांबत आणि बोट पुन्हा कधी चालेल की नाही याची शंका येई. १९८१ च्या फेब्रुवारीत त्या भागाला भूकंपाचे मोठे धक्के बसले. तरीही काम थांबले नाही. १९८२ च्या जुलै महिन्यात ‘अनास्तासिस’ स्वतःच्या इंजिनांच्या बळावर ग्रीसमधून निघाली.

ज्या स्वयंसेवकांनी हे केले त्यांना पगार नव्हता. उलट बोटीवर राहण्या-जेवण्याचा खर्च प्रत्येकाने स्वतः किंवा आपल्या मित्रमंडळींकडून जमवून भरावयाचा, असा नियम होता. पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या नामांकित डॉक्टरांनाही तोच नियम लागू झाला. रोग्याकडून मात्र काही घ्यावयाचे नाही. मोबदला न घेता काम करणारी माणसे जगात विरळा असतात. काम करण्यासाठी पैसे देणारी माणसे त्याहूनही विरळा. या एका नियमाने बोटीवरील वातावरण ठरविले.

आरंभीच्या फेऱ्यांत बोटीने धान्य, बांधकामाचे सामान आणि इतर मदत पोचविली. हळूहळू तिचे रुग्णालय सजले. तीन शस्त्रक्रियागृहे, चाळीसएक खाटांचा कक्ष, दंतवैद्याची खोली, क्षकिरणयंत्र आणि प्रयोगशाळा अशी तिची रचना झाली. १९९० नंतर तिचे मुख्य क्षेत्र पश्चिम आफ्रिकेचा किनारा झाला. घाना, टोगो, बेनिन, सिएरा लिओन, लायबेरिया अशा देशांच्या बंदरांत ती एका वेळी अनेक महिने मुक्काम करी. ती येण्यापूर्वीच गावोगाव निरोप जात आणि तपासणीच्या दिवशी हजारो लोक रांगेत उभे राहत.

या रुग्णालयाने कोणते रोग हाती घ्यावयाचे हे फार विचारपूर्वक ठरविले होते. मधुमेह, क्षय किंवा हृद्रोग यांना दीर्घकाळ औषध आणि देखरेख लागते. बंदर सोडून जाणाऱ्या बोटीने ते उपचार आरंभिणे म्हणजे रोग्याला अर्ध्या वाटेवर टाकणे होय. म्हणून एका शस्त्रक्रियेने जे कायमचे बरे होतात असे विकार निवडण्यात आले. मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ व टाळू, वाकडे पाय, प्रसूतीत झालेल्या इजेमुळे सतत मूत्रस्राव होणाऱ्या स्त्रियांची व्यथा, आणि जबड्यावर वाढत जाणाऱ्या गाठी ही त्यांतली मुख्य. या गाठी पुष्कळदा कर्करोगाच्या नसतात. शहरात त्या सुपारीएवढ्या असतानाच काढून टाकतात. जेथे शस्त्रवैद्य नाही तेथे त्या वर्षानुवर्षे वाढतात, नारळाएवढ्या होतात, तोंड भरून टाकतात, आणि शेवटी रोगी उपासमारीने किंवा श्वास कोंडून मरतो. ‘नोमा’ नावाचा एक रोग कुपोषित मुलांच्या गालाचे मांस काही दिवसांत सडवून टाकतो. जगलेल्या मुलाचा चेहरा उघडा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाची उपेक्षित रोगांच्या यादीत नोंद केली ती २०२३ साली. ‘अनास्तासिस’वरील शस्त्रवैद्य त्याची शिकार झालेल्यांचे चेहरे त्याआधी कित्येक वर्षे पुन्हा घडवीत होते. त्यांपैकी गॅरी पार्कर हे अमेरिकन शस्त्रवैद्य १९८० नंतरच्या दशकात थोड्या महिन्यांसाठी म्हणून बोटीवर आले आणि पुढे दशकानुदशके तेथेच राहिले.

अशा रोग्यांचे दुःख केवळ शरीराचे नसते. विद्रूप चेहऱ्याच्या माणसाला शाप लागला आहे असे समजून गाव दूर ठेवते. सतत ओल्या राहणाऱ्या स्त्रीला नवरा टाकतो, शेजारी टाळतात. दोन तासांच्या शस्त्रक्रियेने त्यांना शरीर परत मिळते, आणि शरीराबरोबर गावही परत मिळते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. मिशनऱ्यांच्या दवाखान्यात सेवा कोठे संपते आणि धर्मप्रचार कोठे सुरू होतो? महाराष्ट्राला आणि मध्य प्रदेशाला हा प्रश्न नवा नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले, त्याला दक्षिण महाराष्ट्रातील सर्व जातिधर्मांच्या रोग्यांनी आपले मानले. दुसऱ्या बाजूस, जुन्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली प्रसिद्ध झाला. वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे प्रत्यक्ष साधन म्हणून उपयोग करण्यास कायद्याने बंदी असावी, अशी तिची एक शिफारस होती. मिशनऱ्यांनी या अहवालातील निष्कर्षांना तीव्र हरकत घेतली. गांधीजींची भूमिका या दोहोंपेक्षा सोपी आणि अधिक कठीण होती. सेवा अवश्य करावी, पण तिच्या आड दुसरा हेतू नसावा, असे ते मिशनऱ्यांना वारंवार सांगत.

‘अनास्तासिस’च्या चालकांनी आपला धर्म लपविला नाही. ते प्रार्थना करीत, बायबल वाचीत आणि आपण येशूचे अनुकरण करतो असे उघड सांगत. परंतु रोग्याचा धर्म विचारून उपचार ठरवावयाचा नाही, हे त्यांचे घोषित धोरण होते, आणि पश्चिम आफ्रिकेतील ज्या समाजांत त्यांनी काम केले त्यांत मुसलमानांची वस्ती पुष्कळ आहे. हेतूचा निवाडा करणे इतिहासाला नेहमीच अवघड जाते. त्याला एवढेच पाहता येते की दारात आलेल्या रोग्याला कोणती अट घातली गेली. जेथे अट नाही तेथे सेवा शुद्ध मानावी. जेथे अट आली तेथे औषधाचा सौदा झाला. ही कसोटी मिशनरी रुग्णालयाला लागू आहे, तशीच मठाच्या, दर्ग्याच्या किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या आरोग्यशिबिरालाही लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. बोट येते, शेकडो शस्त्रक्रिया करते आणि निघून जाते. ज्याची पाळी आली नाही त्याचे काय? एका तरंगत्या रुग्णालयाच्या खर्चात किनाऱ्यावर किती इमारती उभ्या राहिल्या असत्या? आक्षेप खोटा नाही. परंतु बोटीच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. ज्या शहरात वीज तासन्‌तास जाते, नळाचे पाणी शुद्ध नसते आणि यादवी युद्धाने रुग्णालये उद्ध्वस्त केलेली असतात, तेथे स्वतःची वीज, स्वतःचे पाणी आणि निर्जंतुक शस्त्रक्रियागृह घेऊन आलेली बोट दुसऱ्या दिवशी काम सुरू करू शकते. इमारतीला वर्षे लागतात. शहाणपण एवढ्यातच आहे की बोटीने स्वतःला इमारतीचा पर्याय समजू नये. तेथील डॉक्टरांना शिकवून, त्यांच्या हाती कौशल्य ठेवून तिने निघावे. ग्रेनफेलने लॅब्राडोरात हेच केले, ‘होप’ने हेच मानले, आणि ‘अनास्तासिस’च्या पाठीमागच्या ‘मर्सी शिप्स’ या संस्थेनेही उत्तरोत्तर प्रशिक्षणावर अधिक भर दिला.

समुद्र न पाहिलेल्या मुलखाला या हकीकतीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. सौंसर आणि पांढुर्णा यांच्या परिसरातील बोरगावापासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. सातपुड्याच्या कुशीतील हा कापसाचा आणि संत्र्यांचा मराठी मुलूख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हाही झाला. परंतु मोठे दुखणे आले की येथील माणूस राज्याची सीमा पाहत नाही. तो नागपूरची वाट धरतो. त्या वाटेवर त्याचा दिवस जातो, मजुरी बुडते, बरोबर येणाऱ्याचा खर्च होतो, आणि डॉक्टरने आठ दिवसांनी पुन्हा बोलावले तर तो सहसा जात नाही. मोतीबिंदू पिकून डोळा जातो तो पुष्कळदा औषध नसल्यामुळे नव्हे. औषध आणि डोळा यांमधील अंतरामुळे तो जातो. अंतर हाही एक रोगच आहे, आणि तो उत्तर समुद्रात, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि सातपुड्याच्या पायथ्याशी सारखाच भिनलेला आहे.

या रोगावर भारतीयांनीही आपल्या परीने उपाय काढले आहेत. समुद्र सर्वत्र नाही, पण रूळ आहेत, हे ओळखून मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने भारतीय रेल्वेच्या साह्याने १९९१ साली ‘लाईफलाईन एक्स्प्रेस’ म्हणजे ‘जीवनरेखा’ सुरू केली. ‘व्हिक्टोरिया’प्रमाणे येथेही आरंभ जुन्या वस्तूंपासून झाला. रेल्वेने दिलेल्या तीन डब्यांत शस्त्रक्रियागृह थाटले गेले आणि गाडी एकेका लहान स्टेशनात काही आठवडे उभी राहू लागली. शस्त्रक्रियाही त्याच जातीच्या: डोळे, कान, दुभंगलेले ओठ, पोलिओने वाकलेले पाय. पुढे ही गाडी सात डब्यांची झाली. मात्र तिलाही रस्ता लागतो. पांढुर्णा इटारसी–नागपूर या रुंद लोहमार्गावर आहे, तेथे अशी गाडी केव्हाही येऊ शकली असती. सौंसरवरून जाणारी नागपूर–छिंदवाडा लाईन मात्र २०१५ पर्यंत अरुंद मापाची होती, आणि तेथे मोठ्या गाडीचा डबा पोचणे शक्य नव्हते. दोन शेजारच्या तालुक्यांत रुळांच्या रुंदीने एवढा फरक पाडावा, यावरून रुग्णालय चालते-फिरते केले तरी वाटेचा प्रश्न सुटत नाही, हे ध्यानात येते. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराचे पाणी चढले आणि नर्मदाकाठचे आदिवासी पाडे रस्त्यांपासून तुटले. तेथे सरकारी डॉक्टरांना बोटीतूनच फिरावे लागले आणि ‘तरंगता दवाखाना’ हा शब्द मराठीत रूढ झाला. जी कल्पना मच्छीमारांच्या ताफ्यात जन्मली ती अशी सातपुड्याच्या दुसऱ्या टोकाला, नर्मदेच्या पाण्यावर अवतरली.

‘अनास्तासिस’चे पुढे काय झाले? २००७ साली तिची जागा ‘आफ्रिका मर्सी’ने घेतली. तीही जुनीच होती; डेन्मार्कमध्ये १९८० साली बांधलेली, आगगाडीचे डबे वाहून नेणारी ती फेरीबोट. जेथे डबे उभे राहत त्या प्रशस्त मजल्यावर रुग्णालय मांडण्यात आले. जुने नवे करण्याच्या या क्रमाला खंड पडला तो २०२१ साली. त्या वर्षी चीनमधील तिएन्जिन येथे बांधलेली ‘ग्लोबल मर्सी’ संस्थेच्या हाती आली. पायापासून रुग्णालय म्हणूनच बांधलेली ही तिची पहिली बोट.

चोपन्न वर्षांची ‘अनास्तासिस’ मात्र २००७ सालीच भारताकडे वळली. गुजरातमध्ये भावनगरजवळ अलंग येथे बोटी मोडण्याचा मोठा किनारा आहे. खंभातच्या आखातात भरती इतकी मोठी असते की तिच्या जोरावर बोट सरळ वाळूवर चढविता येते, आणि ओहोटी लागली की कामगार तिचे तुकडे करावयास लागतात. ज्या अरबी समुद्रातून ‘व्हिक्टोरिया’ तरुणपणी मुंबईला येत असे त्याच समुद्राच्या काठी तिचा शेवट झाला. तिचे पोलाद वितळविण्यास आणि लाटण्यास गेले. त्यातून कोणाच्या तरी घराच्या सळया झाल्या असतील.

१९७८ साली जे होणार होते तेच २००७ साली झाले, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. भंगाराच्या भावात फरक तो काय? फरक मधल्या एकोणतीस वर्षांचा आहे. त्या वर्षांत जे अंधळे पाहू लागले आणि ज्यांचा श्वास मोकळा झाला, त्यांच्या हिशेबात ही बोट भंगार नव्हती. तिला पुन्हा उभे केले ते कोणत्याही चमत्काराने नव्हे. गंजलेले नळ घासणाऱ्या, तारा जोडणाऱ्या, तपासनिसाने नापास केले तर पुन्हा पहिल्यापासून काम करणाऱ्या माणसांनी. त्यांची श्रद्धा त्यांना बळ देणारी होती, हे खरे. परंतु श्रद्धेने हातात पाना घेतला तेव्हाच बोट चालली. गावोगावच्या बंद पडलेल्या आरोग्यकेंद्रांना आणि धूळ खात पडलेल्या फिरत्या दवाखान्यांच्या गाड्यांना पुन्हा चालते करावयाचे असेल, तर या बोटीच्या चरित्रातून घेण्यासारखा धडा हाच आहे.